काळ्या चकतीवरची वाफ

माझ्या गोष्टीत बारा आणे भेसळ असते, हे परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ही मात्र ऐका, अन् तुम्हीच ठरवा.

अमरावतीत केशवरावांचा नवा बंगला. फरशीचा ठेका माझा. दिवाणखान्यात पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेलं मोठं कमळ, अन् मधोमध ताटाएवढी काळी चकती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"काहो, तुमच्या कमळाले वल सुटून राह्यली. उद्या पाव्हणे येतीन. या लवकर!"

मे महिन्यातली दुपार. अशा उन्हात ओल कुठली? पॉलिशची पावडर अन् फडकं घेऊन गेलो. दार उघडून देऊन केशवराव मंडपवाल्याकडे निघून गेले. आत मी एकटा. सगळ्या खिडक्या बंद. नव्या सागाचा वास, अन् त्याखाली कोरडा दगड कापताना सुटतो तो जळका वास. कापायचं काम संपून तर तीन महिने झाले होते...

ते कमळ अचलपूरच्या इनायतुल्लाचं. सांध्यात नख शिरायचं नाही, असा हात. अकरा वर्षं तो फक्त माझ्याकडे होता. इथं आम्ही घाईत भिंतींना सागाच्या फळ्या आधीच ठोकल्या. पाणी उडालं तर लाकूड फुगतं, म्हणून मी त्याला दगड कोरडाच कापायला लावला. शेजारी ओरडत, म्हणून खिडक्याही लावून घेतल्या.

"दादा, थोडं पाणी लावू द्या. धूळ छातीत जाऊन राह्यली."

"रुमाल बांध ना बाप्पा. नवरदेव दिसशीन!"

तोही हसायचा. मग बराच वेळ खोकायचा.

होळीनंतर गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत दगड भरलाय. त्याची बायको आबेदा माझ्या दारात आली. "भाऊ, तुमच्याकडे काम करत होते, एवढं लिहून द्या. सरकारी मदतीले कागद लागते."

"माझ्याकडे? तो तर दहा ठिकाणी जायचा, वहिनी," म्हणालो, अन् दार लावलं.

तर, मी कमळाशी उकिडवा बसलो. काळ्या चकतीवर वाफ धरली होती. पुसली. पुन्हा धरली. विरली. पुन्हा धरली... हात टेकवला. दगड गार, वाफ कोमट.

मी उठून पाच हात मागे सरलो. दम रोखला. वाफ थांबली. छातीत जाळ होईपर्यंत रोखून धरला अन् सोडला...

तिकडे चकतीवर वाफ पसरली.

"इनायतभाई..." मी चकतीकडे पाहून म्हणालो. "देतो... लिहून देतो. उद्याच."

वाफ विरली. परत धरली नाही.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीला पंगतीत बसलो. पाहुणे कमळाचे फोटो काढत होते. जेवता जेवता मला सुचलं, कागद दिला की साहेब लोक माझ्या बाकीच्या कारागिरांच्याही छात्या तपासतील. नाही लिहिलं. आबेदा पुन्हा आली नाही. मीही गेलो नाही.

आता डिसेंबर आहे. चकतीला रोज वल सुटते म्हणून केशवरावांनी तिच्यावर गालिचा टाकलाय. काल सकाळी कडाक्याच्या थंडीत चहाच्या टपरीवर मी नेहमीसारखा गप्पा हाणत होतो. सगळे हसत होते, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. समोरच्या बाकावरचे वामनराव एकटे हसेनात. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

"काहो..." ते हळूच म्हणाले, "तुमच्या तोंडातून वाफ कावून नाही निघून राह्यली?"