राहीबाईचे तीन दगड

तो बाहेरचा दिवा बंद करा रे. किडे येतात. आणि जवळ बसा, माझा आवाज लांब जात नाही. समोर रुख्मिणीच्या कुंपणावर ती हिरवी जाळी टाकली आहे ना, तिकडे आता बघू नका. नंतर बघू.

मागच्या सालची गोष्ट. कार्तिक वद्य चतुर्दशी, शुक्रवारची रात्र. ती मला रुख्मिणीनेच सांगितली, आणि रुख्मिणी वांग्याच्या वजनातसुद्धा खोटं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिचे मालक अवधूतराव उटनूरच्या ऑफिसात नोकरीला होते. घरी आल्यावर, म्हणजे नोकरी संपल्यावर, त्यांनी एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि तिच्यामागे ओढायचं दोन चाकांचं घर स्वतःच्या हातांनी बांधलं. आत पलंग, शेगडी, पुढे ही एवढी मोठी काच. लोक त्याला कॅम्पर म्हणतात. अवधूतराव खोपा म्हणायचे. तरुणपणी ते उटनूरपुढच्या एका तळ्याकाठी पहाटे एकटेच जाऊन बसत. तिथली एक सकाळ बायकोला दाखवायची, एवढ्यासाठी तो खोपा. तो तयार झाला आणि महिन्याच्या आत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. बसणं संपलं, नुसतं पडून राहणं उरलं.

मुलगा जीवन म्हणाला, "माय, आता इकून टाकू तो डबा. पडून तर हायेत बाबा. कुठं नेतं त्याइले?"

"तळ्यावर."

"आन चालवंल कोन?"

"मी."

जीवन हसला. रुख्मिणी हसली नाही. पंचावन्न वर्षांची बाई मळ्यात जीप शिकायला लागली. वांग्याचे दोन वाफे तुडवले, विहिरीच्या कठड्याला एक चीर पाडली, पण शिकली.

खरी भीती दगडांची होती. सिरीकोंड्याच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं होतं, आणि कोसच्या कोस नुसती गिट्टी पसरून ठेवलेली. जीपची मागची चाकं दगड उडवणार, ते थेट खोप्याच्या काचेवर. आणि काचेला लागून अवधूतरावांची उशी. तिथे डोकं असलं तरच त्यांना रस्ता दिसायचा. रुख्मिणीने विचारलं, "अहो, पलंग मागं फिरवू का?" त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

जीवन म्हणाला, "एक दगड लागू दे, बाबाच्या तोंडावर काच येईन. मंग म्हनू नको, पोरानं सांगतलं नोतं."

"काच फुटली तर खोपा मी सोता भंगारात देईन. मंग तर झालं? पन नाई फुटली, तर पुन्ना इकाचं नाव काढू नको."

पैज अशी लागली.

तिने जुन्या टायरच्या पट्ट्या कापून चाकांमागे बांधल्या. मग रोपांवर घालायची हिरवी जाळी चौपदरी शिवली आणि जीपच्या मागच्या बंपरला पडद्यासारखी टांगली. चाकाने उडवलेला दगड जाळीत अडून खालीच पडावा. पण जाळी हलकी, धावत्या गाडीत वर उडते. म्हणून खालच्या काठाला वाळूच्या पिशव्या बांधल्या. खोप्यातून जीपमध्ये एक दोरी ओढून तिला बैलाचं घुंगरू लावलं. अवधूतरावांनी डाव्या हाताने एकदा ओढलं की सारं ठीक. दोनदा ओढलं की थांब.

दिवसा तिथे टिप्पर धावतात आणि दगडांचा पाऊस पाडतात. म्हणून ती रात्री निघाली. सिरीकोंड्याच्या अलीकडे खुशालच्या टपरीवर चहाला थांबली. खुशालने खोप्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"ताई, पुढं वळनावर दगडाचा ढीग लागंल. राहीबाईचा. थांबा, एक दगड वाहा, मंग जा."

"कोन राहीबाई?"

"गिट्टी फोडनारी होती. हातोड्याखाली उजव्या हाताचं एक बोट गेलं, तरी फोडे. एका रात्री गाडीनं उडवलं तिले. मांगून किती गाड्या गेल्या, ताई, एक बी थांबली नाई. तवापासून येनारा-जानारा एक दगड ठेवते. नाई ठेवला, तर मांगं येते म्हनतात."

"वा रे वा! मी दगडापासून जीव वाचवून राह्यली, आन तू मले दगड वाहाले सांगतं? चहा दे. साखर कमी."

ती निघाली. गिट्टी सुरू झाली. पट्ट्यांवर टप टप आवाज. घुंगरू एकदा वाजलं, ठीक. पुन्हा एकदा, ठीक. मग आरशात तिला दिसलं की जाळी वर उडते आहे. गिट्टीवर घासून वाळूच्या पिशव्या फाटल्या होत्या. तेवढ्यात काचेखालच्या पत्र्यावर एक दगड खणकन लागला. काचेपासून चार बोटं खाली.

तिने ब्रेक मारला. जाळीला वजन हवं होतं. गिट्टी धारेची, ती बांधली तर जाळीच कापते. तिने बॅटरी फिरवली. रस्त्याच्या कडेला ढीग होता, कमरेएवढा. गुळगुळीत, चपटे, हाताने रचलेले दगड.

तिला कळलं, पोरांनो. कोणाचा ढीग, हे तिला कळलं होतं.

"इतके हायेत," ती म्हणाली, "तीन गेले तर काय होते?"

तीन उचलले. जाळीच्या काठात गुंडाळून गाठी मारल्या, नर्सरीत मारतात तशा. आणि गाडी काढली.

जाळी ताठ लोंबली. काचेवर एक कण येईना. रुख्मिणीला बरं वाटलं. ती गुणगुणायलासुद्धा लागली.

टक्.

आवाज मागून आला. चाकाखालून नाही. खोप्याच्या पाठीमागून.

आरशात दिवा नाही. गाडी नाही. काळोख.

टक्. थोडा मोठा.

तिने वेग वाढवला. पुढच्या काचेला जाळी होती. मागच्या खिडकीला काही नव्हतं. मागून कोण दगड मारणार?

धाड.

"अहो!" ती ओरडली. "ठीक हाय ना?"

घुंगरू वाजलं नाही.

"अहो..."

वाजलं नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने गाडी दामटली असती. रुख्मिणीने थांबवली. इंजिन बंद केलं. उतरली. खोप्याचं दार उघडलं.

अवधूतराव जागे होते. दोरी हातातच होती. मूठ आवळलेली. त्यांची मान मागच्या खिडकीकडे वळली होती. लकव्यानंतर ती मान कधी तिकडे वळली नव्हती.

"रुख्मे... मांगं... बाई..."

तिने पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलं. कपाळावरून हात फिरवला. दार लावलं. आणि मागे गेली.

रस्ता रिकामा. बॅटरीच्या उजेडात नुसती गिट्टी.

खट्.

दगडावर हातोडा पडतो तसा.

खट्... जवळ.

खट्... आणखी जवळ.

बॅटरी गेली.

रुख्मिणीला भीती वाटली. ते ती कबूल करते. पण ती हलली नाही. खिडकीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"दगड म्या घेतले," ती म्हणाली. "आत निजला हाय त्यानं नाई घेतले. मारतं, त मले मार."

खट्.

"आयक! तुयासाठी कोनी थांबलं नाई. मी थांबली. हे पाह्य, उतरून उभी हाये तुयासमोर. आता बी काच फोडशीन, तर तुये तिन्ही दगड तळ्यात बुडवीन. मंग शोधत बस पान्यात."

काही नाही.

काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

मग अगदी जवळ... कोणीतरी श्वास सोडला. दिवसभराचं काम करून बाई भिंतीला टेकते ना... तसा.

हातोडा पुन्हा वाजला नाही.

रुख्मिणी किती वेळ उभी होती, तिला माहीत नाही. ती जिंकली होती. गाडी काढून जाता आलं असतं. पण ती चाचपडत जाळीपाशी गेली. वाकून तिन्ही गाठी सोडल्या. दगड रस्त्याच्या कडेला ठेवले, एकावर एक.

"भेव लागलं म्हनून नाई देऊन राह्यली," ती अंधाराला म्हणाली. "तुये हायेत, म्हनून देऊन राह्यली. दगड तुये. काच मायी."

ती बसली. चावी फिरवली. घुंगरू एकदा वाजलं.

पुढे सगळा गिट्टीचाच रस्ता होता. जाळीला आता वजन नव्हतं. ती उडणार, दगड काचेवर जाणार, आणि सकाळी खोपा भंगारात. रुख्मिणीने दात आवळले आणि आरशात पाहिलं.

जाळी उडत नव्हती.

खड्ड्यात नाही. उतारावर नाही. वारा कापत जीप धावत होती, दगड जाळीवर आपटत होते... आणि जाळी ताठ. खालून ओढून धरल्यासारखी.

तिने पुन्हा आरशात पाहिलं नाही.

उजाडताना ती तळ्याकाठी पोचली. खोपा पाण्याकडे वळवला. सूर्य काचेत आला. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. रुख्मिणी पलंगावर, त्यांच्या उशाशी बसली होती, अगदी खांद्याला खांदा लावून. तरी अवधूतरावांनी डाव्या हाताने दोरी ओढली. एकदा.

परत आल्यावर जीवनने काच बोटांनी चाचपून पाहिली. विकायचं नाव पुन्हा निघालं नाही. येत्या मंगळवारी ती दोघं पुन्हा निघणार आहेत. जाळी तीच. मी तिला म्हटलं, दुसरी शिवून घे. ती म्हणाली, "काऊन? हे काय वाईट हाय?"

आता उठा. बॅटरी घ्या. कुंपणापाशी या, पण हात लावू नका.

हा खालचा काठ. इथे चुण्या पडल्या आहेत, बघा, कपडा मुठीत घट्ट धरला की पडतात तशा. जीवनने गरम पाण्यात घातली, वरून इस्त्री फिरवली. गेल्या नाहीत.

ही डावी मूठ. बोटं मोजा. एक, दोन, तीन, चार.

आता इकडे या. ही उजवी.

एक.

दोन.

तीन.