चौथ्या टेबलावरची चन्नम्मा

लोहाऱ्यात कुणाचा अर्ज अडला की तो शिवकन्येकडं येतो. तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात ती सहा वर्षं बसते, आणि आधार नि रेशनकार्डातला एका अक्षराचा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही. "खोटं काही भरायचं न्हाय," असं ती म्हाताऱ्यांनाही दरडावते. अशा या शिवकन्येनं आयुष्यात एकदाच खोटा रकाना भरला, आणि तोही पत्त्यांपायी.

हे पत्ते जुगाराचे नव्हेत. 'सप्तदुर्ग' नावाचा खेळ आहे. पाकिटं फोडायची, किल्ले, सरदार, हत्ती असे पत्ते जमवायचे, जास्तीचे एकमेकांत बदलायचे, आणि चाळीस पत्त्यांची आपली गड्डी बांधून समोरच्याचे सात किल्ले पाडायचे. पोरखेळ म्हणून हिणवणाऱ्यांची तोंडं त्याची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा बंद झाली. यंदाच्या जिल्हा हंगामात आठ संघ, सात रविवार आणि दर लढतीला चार टेबलं होती. जो संघ पहिला येईल, त्यातले सर्वांत जास्त डाव जिंकलेले तिघं पुण्याच्या राज्य लीगमध्ये पगारी खेळाडू म्हणून जाणार. शिवकन्येला त्या तिघांत जायचं होतं. इतकं दुसरं काही तिला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

संघात माणसं मात्र तीनच. एक ती. दुसरा किराणा दुकानातला श्रीशैल, जो गिऱ्हाइकापुढं साबणाच्या वड्याही पत्त्यासारख्या वाटतो. तिसऱ्या दैवशालाबाई, पन्नाशीच्या अंगणवाडी सेविका. पोराकडून खेळ शिकल्या आणि आठवड्यात पोरालाच रडवलं. अर्जाला चार नावं लागत होती. मुदत पाचला संपणार होती आणि पाचला दहा मिनिटं कमी होती.

"घाल की कुणाचं बी," श्रीशैल म्हणाला. "चन्नम्मा घाल. आमच्याकडं दर तिसऱ्या घरात एक चन्नम्मा असती."

शिवकन्येनं घातलं. चन्नम्मा ईरण्णा, वय साठ, वेशीजवळ, लोहारा. फोटोच्या जागी कोरा कागद स्कॅन करून चढवला. एरवी उजेड जरा कमी पडला तरी फोटो नाकारणाऱ्या त्या वेबसाइटनं हा मुकाट घेतला. चौथं टेबल दर वेळी सोडून द्यायचं, असं तिघांनी ठरवलं.

पहिल्या रविवारी धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात परंड्याशी लढत होती. टेबलांमध्ये पुठ्ठ्याचे आडोसे, आणि डाव चालू असताना मान वर करायची नाही असा पंच कृष्णराज यांचा दंडक. दैवशालाबाई जिंकल्या, शिवकन्या जिंकली, श्रीशैल आपटला. सोडलेलं टेबल धरून दोन-दोन व्हायला हवे होते. फलकावर लागलं, लोहारा तीन, परंडा एक.

चूक फायद्याची असली तरी चूकच. शिवकन्या पंचांकडं गेली.

"सर, आमचं चौथं टेबल रिकामं होतं."

"रिकामं?" ते हसले. "अहो, आजचा सगळ्यात देखणा डाव तिथंच झाला."

त्यांनी गुणपत्रक पुढं केलं. चन्नम्माच्या नावापुढं सही होती. गोल, सावकाश काढलेली, शाळा अर्ध्यात सुटलेल्या बाईची असते तशी.

बाहेर परंड्याचा इंद्रजित बूट चढवत होता. चौथ्या टेबलावर तोच होता.

"तुमच्या मावशी लई गुणाच्या," तो म्हणाला. "एक शब्द बोलल्या न्हाईत. पण गड्डी काटून अशी अदबीनं परत देतेत, की हरल्याचं वाईटच वाटंना."

दुसऱ्या कुठल्या संघातली बाई चुकून तिथं बसली असणार, असं शिवकन्येनं ठरवलं. ठरवल्यावर तिला बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारीही चौथं टेबल जिंकलं. तिसऱ्या रविवारी तिनं दंडक मोडून आडोशावरून डोकावून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. कळंबचा खेळाडू त्या खुर्चीकडं बघून ओशाळं हसत होता आणि आपला किल्ला आडवा करत होता. खुर्चीपुढं पत्ते कडेला कड लावून नीट मांडलेले. त्यातला कोपरा दुमडलेला हत्तीचा पत्ता शिवकन्येनं ओळखला. तो तिचाच होता, आणि सकाळी निघताना घरी डब्यात होता.

इकडं लोहारा जिंकत सुटलं. दर रविवारी संध्याकाळी वेशीवर हलगी कडाडायची, सेवा केंद्रात दाखल्यांपेक्षा डावांची चौकशी जास्त व्हायची, आणि खरं सांगायचं तर तिघांनाही जन्मात इतकी मजा आली नव्हती. चौथ्या रविवारी श्रीशैल सहज बोलून गेला, "आज मावशींनी हिरवं इरकल नेसलं व्हतं." पाचव्या रविवारी परतीच्या जीपमध्ये दैवशालाबाई खिडकीकडं सरकून बसल्या, आणि शेजारच्या मोकळ्या जागेशी लोहाऱ्यापर्यंत लसणाच्या चटणीवर बोलत आल्या. शिवकन्येला तेवढं काही दिसेना. सगळी पंगत जेवतेय आणि आपल्याच पानात वाढायचं राहिलंय, असं तिला वाटायचं.

शेवटच्या रविवारी गाठ भूमशी होती. दोन्ही संघ बरोबरीत. बरोबरी सुटली नाही तर पहिला नंबर भूमचा, कारण त्यांचे जिंकलेले डाव जास्त होते. लोहाऱ्यात चन्नम्मा सहा डाव जिंकलेली, दैवशालाबाई पाच, श्रीशैल आणि शिवकन्या चार-चार. चन्नम्मा नसती, तर तिघंही पुण्याला.

"नाव काढते मी," आदल्या दिवशी शिवकन्या म्हणाली. "मीच भरलं, मीच काढते."

"ताटावर बसवलेल्या माणसाला उठवती व्हय गं?" दैवशालाबाईंनी विचारलं.

शिवकन्या लाजली. नाव खोटं म्हणून नव्हे, जागा अडली म्हणून ती ते काढत होती, आणि हे तिचं तिला कळत होतं. तिनं वेबसाइटवरचं ते पान बंद केलं.

रविवारी श्रीशैल हरला. दैवशालाबाई जिंकल्या.

शिवकन्येचे सहा किल्ले पडलेले, हातात एकच सरदार. तिनं तो टाकला आणि भूमच्या बालाजीचा सातवा किल्ला आडवा झाला. तिला ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीच.

दोन-एक. उरलं चौथं टेबल.

शिवकन्या रिकाम्या खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. समोर भूमचा वैजनाथ घामाघूम झालेला. भोवतीची गर्दी एकदमच श्वास रोखायची, एकदमच मान डोलवायची. सगळ्यांची नजर खुर्चीच्या पाठीपेक्षा जरा वर, एकाच जागी.

तिथं शिवकन्येला फक्त भिंत दिसत होती.

वैजनाथनं गड्डी खाली ठेवली. "हरलो, मावशी," म्हणत तो उठला आणि वाकून नमस्कार केला.

मंगल कार्यालय दणाणलं. ज्याचं पुणं हुकलं तो श्रीशैलच आधी नाचायला लागला. "बरं झालं, दुकान कुणी बघितलं असतं?" असं ओरडत त्यानं शिवकन्येच्या डोक्यावर मूठभर गुलाल उधळला.

कृष्णराजांनी मंचावरून नावं वाचली. चन्नम्मा, दैवशाला, शिवकन्या. शिवकन्या रडत, हसत पायऱ्या चढली. एवढं सुख कुठं ठेवावं हे तिला कळेना.

"एकमेकींचा हात धरा अन् वर करा!" फोटोवाला म्हणाला.

दैवशालाबाई पलीकडं, मध्ये एका माणसाची जागा, अलीकडं ती. दैवशालाबाईंचा हात वर गेला. शिवकन्येनं आपला उचलला नव्हता, तरी तोही गेला. बोटांत बोटं गुंफली गेली होती, उबदार, घट्टे पडलेली.

लखकन उजेड पडला. टाळ्या वाजल्या, दैवशालाबाई उतरून गेल्या, पोरं खुर्च्या एकात एक घालू लागली.

"चल गं," दारातून श्रीशैल ओरडला. "जीप सुटतीय!"

"आले," ती म्हणाली, आणि तिनं हात सोडवू पाहिला. त्या बोटांनी तो लाडानं आणखी घट्ट धरला.