उजवीकडे मी आहे

हसू नका रे, त्याला आम्ही पावणेपाचच म्हणायचो. उंची पावणेपाच फूट, टाचा उचलल्या तरी. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप तो सांभाळायचा. आधी ती नोकरी त्याच्या मोठ्या भावाची. भाऊ ताडमाड. आठ दिवसांच्या तापात तो गेला, आणि नोकरीबरोबर त्याची उंच ऑफरोड मोटरसायकलही धाकट्याकडे आली.

धाकट्याचे दोन्ही पाय एकदम जमिनीला लागतच नसत. थांबायचं तर सीटवर डावीकडे सरकून एकच पाय टेकायचा. भावानेच शिकवलेलं. "डावीकडचं तू बघ, उजवीकडे मी आहे," म्हणत तो शेजारी उभा राहायचा.

वहिनी रोज सांगायची, "भाऊजी, सीट कापून खाली घ्या. एकदा घर बसलंय, आता पुन्हा नको."

हा नुसता हो म्हणायचा. त्या सीटला दादाच्या बसण्याने खळगा पडलेला. तो कापायला त्याचा जीव धजत नव्हता.

त्या शुक्रवारी रात्री पावणेबाराला टाकी भरली. पंप बंद करून तो उतरायला लागला. दुसऱ्या वळणावर पाइप गळून चिखल झालेला, त्यात फांदी आडवी. त्याने ब्रेक दाबला. डावा पाय टेकला.

घसरला...

मागचं चाकही सरकलं आणि गाडी उजवीकडे कलली. तिकडे दरी. पाय पोचेना.

आणि गाडी तिथेच थांबली. कललेली. मग हळूच सरळ झाली.

इंजिन बंद. शेजारी कोणी नाही.

"दादा...?"

...

हँडल धरून तो रडला. "जेवलास का रे?" एवढंच सुचलं त्याला.

सकाळी तो वहिनीला तिथे घेऊन गेला. उजवीकडे, दरीच्या कडेला, बुटाचा एकच ठसा. मोठा, उजव्या पायाचा, खोल रुतलेला. टाच बाहेरून झिजलेली, दादाची झिजायची तशीच.

वहिनी खाली बसली. ठशावर हात ठेवला.

"सीट कापून घ्या भाऊजी," ती म्हणाली. "किती दिवस उभं ठेवायचं ह्यांना?"

दुपारी सीट मीच कापली, म्हणून सांगतोय. खळग्याचा फोम वहिनीने मागून घेतला.

त्याच रात्री त्याने त्या वळणावर गाडी थांबवली. दोन्ही पाय टेकले. "पोचले बघ, दादा." टॉर्च मारला.

ठसे आता दोन होते. दुसरा डाव्या पायाचा... एक पाऊल पुढे, दरीकडे निघालेला.

त्याच्यापुढे जमीनच नव्हती.