विहिरीपाशी घेतलेला तास

चारुताचं कामच ऐकायचं होतं. शहरातल्या एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या तासांचे व्हिडिओ तयार व्हायचे आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती त्या व्हिडिओंखाली शब्दांच्या ओळी घालायची. मशीन कच्च्या ओळी काढून देई, पण मशीनला आपली बोली कुठली कळायला? ते 'मुरूम'चं सरळ 'मरून' करून टाकी. मग चारुता हेडफोन लावून बसे. जरा ऐके, थांबवी, लिही. नुसतं बोलणंच नव्हे, कुणी खोकलं, गाडी गेली, तरी तेही कंसात लिही. ऐकणाऱ्याला जे मिळतं ते वाचणाऱ्यालाही मिळालंच पाहिजे, असा तिचा हट्ट.

ओळी नीट वाचता येतात का, हे बघायला अरफा यायची. शहागंजातल्या कापडवाल्यांची ही मुलगी भूगर्भशास्त्र शिकत होती. जन्मापासून ठार बहिरी. बोलायचं ते मोबाईलवर लिहून दाखवायची आणि चारुतानं शुद्धलेखनाची चूक केली की गालातल्या गालात हसायची.

तेव्हा पाट्यांवर अजून औरंगाबादच होतं. जायकवाडी तळाला गेलेली, गल्लोगल्ली टँकरची वाट बघणारे हंडे, आणि तरी शहर चहूकडं पसरतच होतं. पैठण रस्त्याला शेतं मोडून प्लॉट पडत होते. बिडकीनच्या अलीकडं अशाच एका पडीक जमिनीत जुनी कोरडी विहीर होती. मधुसूदन सरांनी तिच्या काठावर उभं राहून भूजलाचा तास घेतला होता. एका दुपारी चारुता त्याचा व्हिडिओ ऐकत होती. अरफा शेजारी बसली होती.

सर बोलता बोलता पाणी प्यायला थांबले. तेवढ्या शांततेत खालून कुणीतरी म्हणालं,

"दोर सोडा हो..."

चारुतानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुरुषाचा आवाज. दमलेला, पण अदबीचा. "दोर सोडा हो... लई येळ झाला." असेल एखादा मजूर, म्हणून तिनं कंसात लिहिलं: विहिरीतून आवाज, दोर सोडा.

अरफानं ती ओळ वाचली आणि मोबाईल पुढं केला. 'दीदी, आत कोण आहे?'

चारुतानं सरांना बोलावून घेतलं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं.

"वारा आहे गं. आत कुणी नव्हतं, मी स्वतः वाकून पाहिलंय. ती ओळ काढ, मुलं उगाच घाबरतील. आणि ती विहीर आज बुजवतायत, म्हणून तर मी घाईनं तास उरकला."

सर गेले. तिनं ओळ पुसली आणि खात्री करायला तो भाग पुन्हा लावला.

"पुसू नका, ताई..."

चारुतानं हेडफोन कानांवरून ओढून काढला. अरफा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग चारुतानं तो व्हिडिओ मोबाईलवर घेतला, अरफाला स्कूटीवर मागं बसवलं आणि भर उन्हात पैठण रस्ता धरला.

मुरमानं भरलेला हायवा डंपर विहिरीकडं पाठ करून उभाच होता. राखणदार पुंजाराम काठीला टेकून बसला होता. चारुता धापा टाकत म्हणाली, "काका, थांबवा त्यांना. आत माणूस आहे."

पुंजारामनं थट्टा केली नाही. हात वर करून गाडी थांबवली, खोपीतून दाढीचा आरसा आणला आणि उन्हाचा कवडसा विहिरीत सोडला. उजेड दगडांवरून घसरत तळाला गेला. भेगाळलेला गाळ. एक फुटकी घागर. बाकी काही नाही.

चारुतानं हेडफोन लावून मोबाईलवर तो भाग चालू केला.

"उजेड आला बघा... आता दोर सोडा."

"त्याला उजेड दिसला!" ती ओरडली. पुंजारामनं हेडफोन घेतला, पण त्याला फक्त सरच ऐकू आले. तरी त्याचा चेहरा उतरला.

"साहेबराव म्हणून गडी व्हता," तो हळूच म्हणाला. "मागल्या दुष्काळात गाळ काढताना कड ढासळली. पन ताई, त्याला वर काढला की आम्ही. ह्या हातांनी काढला. अग्नी दिला."

"मग आत कोण आहे?"

"आत कुणी नाय, ताई."

तरी ती हात जोडून राहिली, म्हणून त्यानं दोर आणला. दोर सरसर खाली गेला. टोक तळाला टेकलं, वरून वेटोळी पडू लागली. सगळ्यांना दिसत होती. आणि पुन्हा हेडफोन लावलेल्या चारुताच्या कानात...

"अजून सोडा... आखूड पडतोय."

पुंजारामनं होता नव्हता तेवढा दोर सोडला. तळाला दोराचा ढीग झाला.

"आखूड पडतोय, ताई... हाताला लागंना..."

ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मुकादम येऊन म्हणाला, "बाई, बघितलं ना डोळ्यांनी? सरका आता." पुंजारामनं खाली मान घालून दोर ओढून घेतला. चारुता गाडीला आडवी गेली, तशी मुकादमानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. ती धडपडली, रडली. काय म्हणणार होती ती? रिकाम्या विहिरीत माणूस आहे म्हणून?

हायव्याचा हौदा वर उचलला गेला. मुरूम धडधडत खाली गेला. चारुतानं हेडफोन मात्र काढला नाही. दोर पुरत नव्हता, गाडी थांबत नव्हती; त्याचं ऐकणं तेवढं तिच्या हातात होतं. पहिल्या गाडीला तो "अहो... अहो..." करत राहिला. दुसऱ्या गाडीनंतर नुसता श्वास. मग तोही दबत गेला आणि वरती सरांचा आवाज स्वच्छ झाला. "तर मुलांनो, पाणी जमिनीत मुरतं कसं ते पाहू..."

आठवडाभरानं चारुतानं ती ओळ परत घातली. सरांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मी ऐकलं ते लिहिलं, सर." व्हिडिओत मात्र आता त्या जागी फक्त वारा होता. तिनं कितीदा तरी लावून बघितला.

पावसानं ओढ दिली होती. एका दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडले, पंखा थांबला. खोलीत जरासाही आवाज उरला नाही. अरफा शेजारी टिपणं वाचत बसली होती. एकाएकी ती दचकली. तिनं दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबले आणि डोळे मिटून घेतले.

चारुतानं तिला हलवलं. अरफानं एक हात कसाबसा सोडवला, मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा कान झाकला.

'दीदी, त्याचा आवाज कमी करा ना.'