वन्संच्या हातचं कुंकू

"नको वन्सं... सुतकात कुणी गोड खातं का?"

वासंतीनं आणलेला शिऱ्याचा डबा पद्मजानं हलकेच दूर सारला. सुतक? कुणाचं? लोणी काळभोरच्या पुढे, उसाच्या शेतांतल्या त्या नव्याकोऱ्या मनोरुग्णालयात आपली भावजय बरी होते आहे, असंच तर सगळे म्हणत होते. आमोदनं, वहिनीच्या लेकानं, अमेरिकेत बसून, इंटरनेटवर फोटो पाहून निवडलेलं हॉस्पिटल! फरशी लख्ख, गोळ्या वेळच्या वेळी... "तुमच्या पेशंटचा काही त्रास नाही हो, अगदी शांत असतात," असं सत्यशीला सिस्टर कालही म्हणाल्या होत्या.

आणि ही शांत पेशंट भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवणाचं ताटही शेजारी तसंच पडलेलं. गळा मोकळा, मनगटं रिकामी, कपाळ पांढरं... काचेनं इजा करून घेतील म्हणून बांगड्या, गळ्याला आवळतील म्हणून मंगळसूत्र, गिळतील म्हणून टिकल्यासुद्धा, सगळं दाखल करतानाच उतरवून घेतलं होतं. का उतरवलं, हे मात्र तिला सांगायला कुणाला सवड झाली नव्हती! वासंती स्वतः विधवा. असल्या शांततेची तिला पुरेपूर ओळख होती.

"कधी गेले हो हे?" पद्मजा कुजबुजली.

"भलतंच काय वहिनी! दादा बाहेर बाकावर बसलाय. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत म्हणून..."

"तुमच्या वेळेस मीही असंच काहीतरी सांगितलं होतं."

खरंच होतं ते. वासंतीचा नवरा गेला तेव्हा 'बरे आहेत, हॉस्पिटलात आहेत' असं तिला हसतमुखानं याच वहिनीनं सांगितलं होतं... आणि पुढे आमोदच्या मुंजीत तिच्या हातातली कुंकवाची कोयरी चारचौघांत काढून घेतली होती, तीही हिनंच! तो अपमान वासंतीनं गिळला. वहिनीचं मन बिघडलं तेव्हा बँकेतली नोकरी सोडून तिनं घर सावरलं, तेही अवाक्षर न काढता. पण ही अशीच झुरून गेली तर? तर दादाला काय तोंड दाखवू?

ती धावतच सिस्टरांकडे गेली.

"सिस्टर, त्या शांत नाहीत हो! नवरा गेला असं समजून अन्न सोडून बसल्यात. माझ्या भावाला आत येऊ द्या!"

"ताई, नियम आहे. डॉक्टर उद्या येतील, त्यांना विचारू."

"आणि उद्यापर्यंत त्यांनी पाणीही सोडलं तर?"

सत्यशीला गोंधळल्या. दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आत नको. बाहेरून खिडकीशी बोलवा त्यांना."

जाळीपलीकडे शरच्चंद्र येऊन उभे राहिले. पाठमोऱ्या बायकोची ती रिकामी मनगटं पाहून त्यांनी जाळी घट्ट धरली, पण पुण्याच्या पेठेत उभा जन्म काढलेला माणूस; सरळ बोलेल तर शपथ!

"अगं, माझं सुतक, आणि मलाच पत्ता नाही? पेन्शन चालू आहे म्हटलं अजून!"

पद्मजा वळली. धडपडत खिडकीशी गेली, जाळीत बोटं अडकवून हमसून हमसून रडू लागली... सत्यशीलांचेही डोळे भरले. वॉर्डातल्या गणपतीच्या तसबिरीपुढची कुंकवाची डबी घेऊन त्या आल्या. "त्रास देत नाहीत म्हणून आम्ही यांच्याशी बोललोच नाही हो..."

"थांबा सिस्टर," पद्मजा म्हणाली. "वन्सं लावतील."

वासंती मागे सरली. "मी? वहिनी, माझ्या हातानं..."

"तुमची कोयरी हिसकावली ना, त्या दिवसापासून माझं मन मला खातंय! क्षमा नका करू मला... पण कुंकू तुम्हीच लावा!"

वासंतीनं बोटानं कुंकू लावलं, जरा वाकडंच, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शिरा गार होऊन गेला होता. पद्मजानं तो तसाच खाल्ला.

भेटीची वेळ संपली. कुंकवानं लाल झालेलं बोट धुवायला वासंती नळापाशी गेली, नळ सोडला... आणि तसाच बंद करून परत फिरली.