पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा

"शकुनताई, आज संध्याकाळी अपेक्षाला कामावरून काढायचंय. पण माझं मन मानत नाही," साधनाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

शकुन अमरावतीत खासगी तपास करते. तिचा जोडीदार धर्मेंद्र सगळं वहीत लिहितो आणि नेमकं चुकीचंच अधोरेखित करतो.

साधनाबाई लसीचा अभ्यास चालवत होत्या. लस घेतल्यावर कुणाचं शरीर किती प्रतिकार करतं, हे शेकडो लोकांच्या रक्तावरून कॉम्प्युटर शिकत होता. लोक घरीच बोट टोचून कार्डावर थेंब देत आणि अपेक्षा ती कार्डं गोळा करी.

"भातकुलीकडचे नत्थुजी आणि त्यांची बायको रुख्मिणी. दोघांचं रक्त आधी अगदी वेगळं वागायचं. तीन महिन्यांपासून कॉम्प्युटर म्हणतो, दोन्ही कार्डं नत्थुजींचीच!"

"बाई घरी नसेल, हिनं म्हाताऱ्याकडूनच दोन्ही भरून घेतली. कोण परत चकरा मारतं?" धर्मेंद्र म्हणाला.

साधनाबाईंसोबत आलेली अपेक्षा रडवेली झाली. "मी कुंपणापाशीच कार्डं घेते, ताई. नत्थुजी आणून देतात. माझी पीएचडी आहे हो यावर!"

अभ्यासातल्या लोकांना दर सोमवारी तब्येत विचारणारा आपोआप फोन जाई. शकुननं त्याची नोंद मागवली. त्यावर अपेक्षाचाच रेकॉर्ड केलेला आवाज होता: "रुख्मिणीबाई, आज कसं वाटतंय? बरं असेल तर एक दाबा. पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा."

तीन महिन्यांपासून, म्हणजे दिवाळीनंतर, रुख्मिणीबाईंच्या नंबरवरून दर वेळी सहा-सात वेळा नऊ आणि शेवटी एक दाबला जात होता. त्याआधी नऊ कधीच नाही.

"म्हातारीले ऐकू येत नसंल," धर्मेंद्र म्हणाला.

"एकदम दिवाळीनंतरच बहिरी झाली का रे, शहाण्या?"

अपेक्षाला घेऊन शकुन आणि धर्मेंद्र भातकुलीला गेले. नत्थुजी वांगी तोडत होते.

"मंडळी कुठं आहे?" शकुननं विचारलं.

"अकोल्याले, लेकाकडं. परवाच गेली."

दाराशी बायकी चपला होत्या. त्यांच्यावर धुळीचा थर होता आणि पट्ट्यात कोळ्याचं जाळं. शकुननं रुख्मिणीबाईंचा नंबर लावला. फोन नत्थुजींच्या खिशात वाजला.

"परवा गेलेल्या बाईच्या चपलेत कोळी घर करत नाही," शकुन हळूच म्हणाली. "आणि फोन ठेवून कोण जातं? धर्मेंद्र, सगळं ऐकू येत असूनही नऊ कोण दाबतं? ज्याला ते नाव पुन्हा ऐकायचं असतं. म्हणून दोन्ही कार्डांवर थेंब यांचेच. अपेक्षाचा यात काही दोष नाही. कधी गेल्या हो त्या, नत्थुजी?"

नत्थुजी बांधावर बसले. "दिवाळीनंतर. अकोल्यालेच, दवाखान्यात. तुमाले सांगतलं असतं तं फोन बंद झाला असता. मी जलमभर 'विपुलची माय'च म्हनलं. नाव घ्याची लाज वाटे. तिले नावानं हाक मारनारी ही पोरगीच उरली होती, फोनातली."

अपेक्षाची नोकरी जाणार होती, हे कळल्यावर त्यांनी कान पकडले आणि दोन्ही कार्डांवरचे थेंब आपलेच, असं लिहिलेल्या कागदावर सही करून दिली.

"आता सोमवारी फोन नाई येनार?"

"नाही," शकुन म्हणाली. तिलाही ते जड गेलं.

अपेक्षा पुढे झाली. घराच्या दाराकडे तोंड करून, फोनवरच्याच आवाजात म्हणाली, "रुख्मिणीबाई, आज कसं वाटतंय?"

नत्थुजींनी डोळे मिटले.

"नऊ," ते म्हणाले.