कार्सन सिटीचे दोन सी

कार्सन सिटीत लोरेटा हॅचचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं, आणि खोटं नाणं ओळखण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. १८८९ सालचा चांदीचा डॉलर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला असला, तर त्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं आणि त्याच्या किमतीत दोघांचं जेवण जेमतेम होतं. त्याच सालचा, पण कार्सन सिटीच्या टांकसाळीतला असला, तर मागच्या बाजूला गरुडाखाली दोन बारीक सी असतात, आणि मग त्या पैशांत मोटार येते. म्हणून लोक साध्या डॉलरवर सी चिकटवून आणत. लोरेटा भिंगातून बघायची आणि हसून परत करायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ड्वाइट पीक आला. गार्डनरव्हिलकडे त्याची गुरं होती. बुटांवरचा बर्फ झटकून त्याने फ्लॅनेलची पुरचुंडी काउंटरवर ठेवली. हातमोजे काढले नाहीत.

"क्लाइडचा आहे," तो म्हणाला. "माझा भाऊ. गेल्या महिन्यात गेला."

लोरेटाने नाणं उचललं. ते ऊन होतं.

"खिशात होतं का?"

"नाही. ट्रकमागच्या हत्यारपेटीत."

तिने भिंग लावलं. दोन सी. कडेला सांधा नाही, चिकटवल्याची रेघ नाही. खात्रीसाठी तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग दाबून पाहिला.

"ड्वाइट, हे अस्सल आहे. किती येतील, कल्पना आहे तुला?"

"पैशांचं नंतर बघू. आधी ठेवून घ्या." तो दाराकडे सरकला होता. "ओपल वहिनी तापाने गेल्या ना, तेव्हापासून क्लाइड गोठ्यातच राहायचा. ताट उंबऱ्यावर ठेवायला लावायचा. नातीलासुद्धा जवळ घेतलं नाही त्याने."

"दुःखाने माणूस असं करतं, बाबा."

"हो," ड्वाइट म्हणाला. "मीही तेच म्हणायचो."

तो गेल्यावर तिने ट्रेमधले साधे डॉलर पुसून लावले. दुपारी तिचा नवरा, रस, डब्यात सूप घेऊन आला. ती दार उघडत असतानाच पायरीवरच्या बर्फावरून तो घसरला, तसं तिने त्याचं मनगट घट्ट धरून त्याला सावरलं.

"हाडं मोडली असती, म्हाताऱ्या!"

"मग तुलाच भरवावं लागलं असतं," तो हसला.

तो डबा उघडत होता. ड्वाइटचं नाणं रसला दाखवावं म्हणून लोरेटाने उचललं, तर ते गार पडलं होतं. तिने उलटं केलं. गरुडाखाली चांदी गुळगुळीत होती. खरवडल्याची खूण नव्हती. तिथे कधी काही नव्हतंच.

दुसरंच नाणं हातात आलं असेल, म्हणून तिने ट्रेकडे हात नेला. पहिला डॉलर ऊन होता.

त्यावर दोन सी होते.

दुसऱ्यावरही होते.

तिने फोन लावला.

"ड्वाइट, हे काय आहे?"

पलीकडे गुरं हंबरत होती.

"बाई," त्याने विचारलं, "कुठलं बोट?"

लोरेटाने अंगठा उजेडात धरला. कातडीत दोन सी रुतले होते. दुखत नव्हतं. पण त्यांची तोंडं डावीकडे होती, टांकसाळीत नाणी पाडायच्या ठशावर असतात तशी, उलटी.

"मला वाटलं, क्लाइडबरोबर संपलं असेल," ड्वाइटचा आवाज चिरकला. "कुणाला हात लावला नाहीत ना?"

लोरेटा वळली.

रसने खिडकी वर सरकवली होती. बर्फाचे कण आत येऊन सूपवर पडू लागले.

"कसलं उकडतंय गं आज," तो म्हणाला, आणि शर्टाच्या बाह्या वर दुमडू लागला. डाव्या मनगटावर दोन बारीक अक्षरं उठून आली होती. सुलटी, रेखीव.